तर

स्मरणिकेसाठी पाच ओळी द्या म्हणतात
पाळक शांतवन म्हापणकरांवर.
जन्मतारीख त्यांच्याकडे आहे, दीक्षेची आहे,
सावंतवाडीच्या तुरुंगातले अठरा दिवसही कुणी शोधून काढलेत.
मी गाबीत. देवळातला माणूस.
त्यांच्या प्रार्थनामंदिरात आयुष्यात दोनदा गेलो,
दोन्ही वेळा नळे परतायला.

पण तर माझ्या बापाची होती.

आडखोलच्या खाडीवर, माणशी दोन पैसे,
शेळीला एक.
नाळेकडच्या फळीवर खोताची माणसं,
मग बाकीचे,
आणि अगदी मागे, जिथे पाणी साचतं
आणि बांगड्याचा वास कधी जात नाही,
तिथे पाळकांची वाडी.
उभी. बसायचं नाही.
शेळ्या बसत.

दिल्लीत कायदा झाला होता.
कायद्यात जर होतं, परंतु होतं,
तर आमच्याकडे होती.

पाळकांना पोहता येत नसे.
कुणी लिहिणार नाही म्हणून लिहितो.
धक्क्यावर नुसते उभे राहिले तरी
कोटाचं बटण मुठीत घट्ट धरत.
त्या माणसाने एका रविवारी
उपदेश अर्ध्यावर सोडला आणि म्हणाला,
उद्यापासून आपण चालू.

चालू म्हणजे अकरा मैल, खाडीला वळसा घालून,
नाहीतर सुकतीला गुडघाभर चिखलातून,
कालवांच्या धारेवरून.
सुईण गेली, पोरं डोक्यावर दप्तर घेऊन गेली,
रूथआजी तर पाठीवर बसून गेली,
आणि पाठ पाळकांची होती.
सत्तेचाळीस दिवस.

सगळ्यात आधी कळलं आमच्या चुलीला.
मक्ता खोताचा, त्याचे पैसे ठरलेले.
बापाचे ते सुटे,
आणि सुटे पैसे चिखलातून चालत होते.
बाप धक्क्यावरून ओरडला,
"माका जात कळना नाय, माका भरती-सुकती कळता!
माझ्या पोटार पाय कित्याक देतास?"
पाळक थांबले. पोटरीपर्यंत चिखल.
बोलले नाहीत.
रात्री आमच्या खळ्यात पायलीभर उकडे तांदूळ.
आईने शिजवले, बाप जेवला नाही.
दुसऱ्या रात्री पुन्हा तांदूळ.
तिसऱ्या रात्री जेवला,
आमच्याकडे पाठ करून.

चौतिसाव्या दिवशी दगड आला.
कुणी मारला ते सगळ्या गावाला ठाऊक,
कुणी बोलत नाही,
मीही नाही.
डावा कान गेला.
पुढे म्हणायचे, ज्यांना शिव्या द्यायच्यात
त्यांनी या बाजूला बसावं.

शेवटी मोर्चा नव्हता, घोषणा नव्हती.
बापाने पहाटे शेजाऱ्याकडे करवत मागितली
आणि नाळेकडची फळी कापली.
का, ते मरेपर्यंत सांगितलं नाही.
फळी फणसाची. चुलीत घातली तेव्हा
घरभर धूर, आई खोकत राहिली.
वर्षाच्या आत मक्ता गेला.
बाप रत्नागिरीला, दुसऱ्यांची जाळी ओढायला.

पण त्या सकाळी पाळक मधोमध बसले,
दोन्ही हातांनी दोन काठ धरून, डोळे मिटून.
लोकांना वाटलं प्रार्थना.
मी समोरच पाणी उपसत होतो,
ती भीती होती.
मध्यावर विचारलं, "किती खोल असेल रे, बुधाजी?"
बाप त्यांच्या उजव्या कानाशी वाकला,
वल्हं न थांबवता.
"तुमी चललास त्या चिखलापरास कमी."

आता पूल आहे.
पुलाला मंत्र्याच्या आजोबांचं नाव आहे.
गाडीतून खाडी दिसायच्या आत संपते.

तर पाच ओळींत बसत नाही, स्मरणिकावाले.
छापायचंच असेल तर एवढं छापा:
बापाने त्यांचे पैसे घेतले नाहीत,
म्हणून उतरल्यावर धक्क्याच्या दगडावर
ते मोजून ठेवून गेले,
आपले दोन, रूथआजीचे दोन,
आणि तिच्या शेळीचा एक.

शेळी त्या दिवशी उभी होती.